ओळीमागचा पुरावा



आज आपल्या व्यवसायातल्या एका छोट्या फाईलविषयी बोलायचे आहे. कोड कसा बांधायचा, कसा तपासायचा आणि कुठे पोहोचवायचा हे सांगणारी, पाइपलाइनच्या कॉन्फिगरेशनची ही फाईल. ती आता माणसाने लिहायला नको, रिपॉझिटरी वाचून यंत्रच ती तयार करील, असे सगळीकडे ऐकू येते. यंत्राने ती जरूर लिहावी. मात्र प्रत्येक ओळ रिपॉझिटरीतल्या कोणत्या पुराव्यावर उभी आहे हे त्याने दाखवावे, आणि पुरावा नसेल तिथे जागा कोरी सोडावी, असा माझा आग्रह आहे.

हा विचार नवा नाही. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिले, तेव्हा कोणती फाईल कशावर अवलंबून आहे ते माणसाने सांगायचे आणि काय पुन्हा बांधायचे ते यंत्राने ठरवायचे, अशी कामाची वाटणी होती. हेरोकूच्या बिल्डपॅकने ही वाटणी बदलली. त्यातली 'डिटेक्ट' नावाची स्क्रिप्ट फोल्डरमध्ये डोकावते: जेमफाईल दिसली तर रूबी, पॉम डॉट एक्सएमएल दिसली तर जावा, पॅकेज डॉट जेसन दिसली तर नोड. २०१७ मध्ये गिटलॅबचे ऑटो डेव्हऑप्स आले आणि कॉन्फिगरेशनची फाईल नसतानाही बिल्डपासून डिप्लॉयपर्यंतची पाइपलाइन उभी राहू लागली. त्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. प्रकल्पाने ती सुविधा स्वतःहून चालू केलेली नसेल आणि पहिलीच पाइपलाइन फसली, तर ती आपोआप बंद होते. अंदाज चुकला तर मागे सरण्याची सोय त्या रचनेतच आहे.

फोल्डरमधल्या खुणांवरून भाषा कळते, पण लिहिणाऱ्याचा हेतू कळत नाही. एनपीएम इनिटने तयार केलेल्या पॅकेज डॉट जेसनमध्ये, कोणी काही भरले नाही तरी, 'टेस्ट' नावाची स्क्रिप्ट असते. ती टेस्ट दिलेली नसल्याचा संदेश छापते आणि एरर देऊन थांबते. नुसते नाव पाहून टेस्टची पायरी घालणारे यंत्र इथेच अडखळते. पायथॉनची ३.१० ही आवृत्ती यॅमलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहिली, तर ती दशांश संख्या म्हणून वाचली जाते, शेवटचे शून्य गळते आणि ३.१ उरते. अशी चूक निदान पाहून दुरुस्त करता येते. आपल्या घड्याळाचे तसे नाही. पुण्यात किंवा नाशकात कोड लिहिणाऱ्याचा लॅपटॉप भारतीय वेळ दाखवतो आणि गिटहबचा रनर यूटीसीवर चालतो. आजच्या तारखेवर विसंबलेली टेस्ट दिवसभर बिनतक्रार चालते, पण आपल्याकडच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत दोन्हीकडच्या तारखा वेगळ्या असतात आणि तेव्हा तीच टेस्ट फसू शकते. हे साडेपाच तास बहुधा कोणी कुठल्या फाईलमध्ये लिहून ठेवत नाही. म्हणून रिपॉझिटरी कितीही बारकाईने वाचली तरी ते हाती लागत नाहीत.

यावर म्हटले जाते की पाइपलाइन चालवून पाहावी, हिरवी खूण आली म्हणजे कॉन्फिगरेशन बरोबर. हा युक्तिवाद मला सर्वांत धोक्याचा वाटतो. मेव्हनला एकही टेस्ट सापडली नाही, तरी नेहमीच्या सेटिंगमध्ये तो बिल्ड यशस्वी झाल्याचेच सांगतो. गो भाषेच्या पॅकेजमध्ये टेस्टची फाईल नसेल तर तशी नोंद होते, पण कमांड यशस्वीच ठरते. टेस्ट गाळणारा पर्याय लावून बिल्ड केला, तरी खूण हिरवीच येते. म्हणजे हिरवी खूण मिळवणे हेच ध्येय यंत्रापुढे ठेवले, तर तिथवरचा सर्वांत जवळचा रस्ता तपासणी टाळण्याचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजची भाषा-प्रारूपे फाईलींची नावे पाहून थांबत नाहीत, ती रीडमी वाचतात, कमिटचा इतिहासही वाचतात. त्यामुळे अंदाज सुधारतो हे खरेच आहे. पण त्यांनी लिहिलेली अंदाजाची ओळ आणि पुराव्याची ओळ सारख्याच सफाईने उतरते, आणि तपासणाऱ्याला दोन्हींतला फरक दिसत नाही. हा न दिसणारा फरक महागात पडू शकतो. मार्च २०२५ मध्ये गिटहबवरची 'टीजे-ॲक्शन्स'ची 'चेंज्ड-फाइल्स' ही ॲक्शन हल्लेखोरांच्या हाती गेली. तिचे जुने टॅग घातक कमिटकडे वळवले गेले आणि पाइपलाइनमधली गुपिते लॉगमध्ये छापली जाऊ लागली. २३ हजारांहून अधिक रिपॉझिटऱ्या ती वापरत होत्या. ज्यांनी टॅगऐवजी ४० अक्षरी कमिट-हॅश आधीपासून लिहिला होता, त्यांच्यापर्यंत वळवलेला टॅग पोहोचत नव्हता. सर्वत्र दिसणारी रीत मात्र टॅग लिहिण्याची आहे, आणि बहुसंख्य उदाहरणांवर शिकलेले यंत्र तीच रीत उचलण्याचा संभव जास्त.

माणूसही विसरतो, हा आक्षेप तर मान्यच करावा लागतो. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या दलाली संस्थेने सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक गमावले. नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने चढवताना एक सर्व्हर राहून गेला होता आणि दुसऱ्या कोणी ते काम तपासले नव्हते. इथे स्वयंचलित डिप्लॉय असता तर उपकारच झाला असता. पण सर्व्हर आठ आहेत, ही माहिती त्या यंत्रालाही कोणीतरी द्यावी लागली असती. नुसत्या कोडवरून ती संख्या कळत नाही.

म्हणून यंत्राने दिलेल्या फाईलमध्ये जावाची आवृत्ती आली, तर शेजारच्या टिपेत पॉमची ओळ नोंदलेली असावी. पाइपलाइनच्या टोकनला सुरुवातीला फक्त वाचण्याचा अधिकार असावा. किती टेस्ट चालल्या तो आकडा छापला जावा आणि तो शून्य असेल तर पाइपलाइन लाल व्हावी. डिप्लॉयच्या पायरीवर मात्र 'किती मशीन, कोणाची मंजुरी: रिपॉझिटरीत आढळले नाही' एवढेच लिहिलेले असावे, आणि ती ओळ भरून कोणी स्वतःच्या नावाने कमिट करीपर्यंत पाइपलाइन तिथेच थांबावी.