उष्टावणानंतर काय?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बाळाच्या वरच्या अन्नाविषयी बोलायला मला सांगितले आहे. विषय साधा वाटतो, पण आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला तेव्हापासून पेपरात त्याचे नाव पुष्कळदा कुपोषणाच्या बातमीतच वाचायला मिळते. आणि ह्याच जिल्ह्यात शहाद्याकडची पपई ट्रक भरभरून उत्तरेकडे जाते! म्हणून बोलते.

आपल्याकडे उष्टावणाची चाल जुनी आहे. मुलाचे सम महिन्यात, म्हणजे सहाव्या किंवा आठव्यात. मुलीचे विषम महिन्यात, पाचव्या किंवा सातव्यात. मामाने मांडीवर घेऊन खिरीचे बोट चाटवले, जेवणावळ झाली, की आपण मोकळ्या. दुसऱ्या दिवसापासून बाळाला रोज काय द्यायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. आज डॉक्टर सांगतात की मुलगा असो वा मुलगी, सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नको. पूर्वी चौथ्या महिन्यापासून सुरुवात करा असे डॉक्टरही सांगत. पुढे २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने पुरे सहा महिने असे ठरवले. तेव्हा घरातल्या आजीबाई जुने सांगत असतील तर त्यांच्यावर रागावू नका. मुलीचे उष्टावण पाचव्यात करायचे असले तर विधी करा, बोट चाटवा, रोजचे अन्न सातव्या महिन्याला लागल्यावर सुरू करा. आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालूच ठेवा.

आता मुख्य गोष्ट. आपण बाळाला डाळीचे पाणी, भाताची पेज पाजतो आणि समजतो की जेवण झाले. बाळाचे पोट लहान वाटीएवढे. ते पाण्यानेच भरले तर अन्नाला जागा उरायची कुठे? चमचा आडवा केला तर पटकन सांडू नये, इतके दाट अन्न हवे.

गंगाफळ घ्या. साल काढून फोडी करा आणि कुकरमध्ये वरणभाताबरोबरच एका डब्यात ठेवा, वेगळा गॅस जाळायला नको. शिजल्या की पुरणाच्या चाळणीवर चमच्याने घासा. खाली उतरतो तो गर आणि दोर राहतात वर. रताळे, गाजर, दुधी, बटाटा, सगळ्यांची हीच रीत. पुरणयंत्र घरोघरी आहे, ते होळीपर्यंत फडताळात कशाला ठेवायचे? मिक्सरची गरज नाही. त्यात पाणी घालावे लागते आणि सगळे पातळ होते. केळे तर नुसते वाटीत कुस्करले की झाले. पपई चांगली पिकलेली, बिया काढून. कार्बाइडने पिकवलेले फळ घेऊ नका, त्याला कायद्याने बंदी आहे. कच्चे आणून घरीच गवतात किंवा कागदात पिकवा.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. नवा पदार्थ एका वेळी एकच, आणि तीन दिवस तोच, म्हणजे काही बाधले तर कशाने ते कळते. हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत न्या. मीठ-साखर वर्षभर नको. मधही नको, जुन्या बायकांना हे पटत नाही, पण वर्षाच्या आत मधाने क्वचित जिवावर बेतणारा आजार होतो. आठव्या-नवव्या महिन्यात चाळणी सोडा आणि बोटांनी कुस्करून गुठळ्या राहू द्या. फार दिवस गुळगुळीतच दिले तर मूल पुढे चावायला कंटाळते.

नुसत्या फळभाज्यांवर भागत नाही, हेही सांगते. सहाव्या महिन्यानंतर आईकडून आलेले लोह संपत येते. म्हणून गरात शिजलेली मुगाची किंवा तुरीची डाळ घोटून घाला, चालत असेल त्यांनी पूर्ण शिजलेले अंडे, वर लिंबाचे दोन थेंब; लिंबामुळे लोह अंगी लागते. आणि लहान चमचाभर तेल किंवा तूप. पाच ग्रॅम तुपात ४५ कॅलरी असतात, तेवढ्याशा पोटाला तो मोठा आधार. चहात बुडवलेले बिस्किट मात्र बंद करा. मला ह्याची फार चीड येते. चहा लोह अडवतो आणि बिस्किटाने भूक मरते.

मागच्या बैठकीत एका बाईंनी विचारले, ‘ताई, हे सगळे घरी बसणाऱ्यांचे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणारीने काय करायचे?’ प्रश्न अगदी खरा. अक्राणी-अक्कलकुव्याकडून किती कुटुंबे जातात! फडात चाळणी कुठली, कुकर कुठला? अशा आईने निघण्यापूर्वी नाचणी किंवा तांदूळ दोन वाट्या, मूग एक वाटी, वेगवेगळे खमंग भाजून दळून घ्यावे. कोरड्या डब्यात ते काही आठवडे टिकते. पाण्यात दाट शिजवायचे, तेल घालायचे. वाटेत केळे मिळतेच, ते सोलून कुस्करायला हात पुरे. हात तेवढे साबणाने धुतलेले हवेत.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो. सकाळचा गर दुपारी देऊ नका, दोन तासांत संपवा. उरले ते आपण खावे. भरवायला वाटी-चमचा, बाटली नको.

डब्यातल्या तयार अन्नाविषयी विचारतात. अमेरिकेत १९२० च्या दशकापासून असे गाळलेले अन्न डब्यात विकू लागले. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बाळाच्या अशा डब्यांच्या जाहिरातींवर बंधने आली, ती उगीच नाहीत. त्या पैशात महिनाभराची डाळ येते.

महिन्याला अंगणवाडीत वजन करा आणि दंडाचा घेर मोजून घ्या. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला, तर त्याच दिवशी दवाखाना. ‘दात येताहेत म्हणून बारीक झाला’ असे म्हणून थांबू नका.

मागच्या खोलीत गंगाफळ-मुगाचा गर करून ठेवला आहे. ज्यांच्या कडेवर सहा महिन्यांवरची बाळे आहेत त्यांनी आधी या, हात धुवायला पाणी दाराशीच आहे.