२१४७४८३६४७: मूळ संख्या आणि घड्याळाची हद्द

आजचा आकडा: दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. कोडिंगवाल्यांना हा पाठ असतो. ३२ बिटांपैकी एक जातो अधिक-उणे दाखवायला, उरलेले ३१ सगळे १ केले की हाच आकडा. म्हणजे २ चा ३१ वा घात, वजा १.

गंमत म्हणजे ही मूळ संख्या आहे, आणि १७७२ मध्ये ऑयलरने ते सिद्ध केलं. हातानं! वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं तर पावणेपाच हजारांवर भागाकार. त्याने आधी दाखवलं, की मूळ भाजक असलाच तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरेल. बहुतेक उमेदवार तिथेच बाद. याला म्हणतात ऑप्टिमायझेशन!

बिटांची हद्द म्हणून ती मूळ, असं मात्र नाही हां. ६४ बिटांतला सगळ्यात मोठा आकडा, २ चा ६३ वा घात वजा १, सरळ ७ ने भागला जातो.

आता कामाचं. जुन्या सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात. १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८:४४:०७ वाजता, ते इथे पोचतील. पुढच्याच सेकंदाला आकडा उणे, तारीख डिसेंबर १९०१. नवे फोन ६४ बिटांचे आहेत, त्यांची चिंता नको. पण २० वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता आजच २०३८ च्या पलीकडे जातो. तुमच्या डेटाबेसमध्ये ती तारीख ३२ बिटांच्या कॉलममध्ये असेल, तर सोमवारी पहिलं ते बघा.