नसबंदी झालेलं मांजर घरी आल्यावर

विषय मांजराचा आहे हे कळल्यावर संयोजक मंडळी थोडी हसली. व्याख्यानमालेत संत चालतात, इतिहास चालतो, कापसाचे भाव तर चालतातच. मांजर कुठे बसतं? पण आपल्या दर्यापूर-बनोशात जिनिंग असो, तुरीचं गोदाम असो की शेतातला कोठा, उंदरांच्या धाकाने मांजर सगळीकडे ठेवलेलं आहे. ते वर्षातून दोनतीनदा विते, पिल्लं सात घरं फिरवते, आणि शेवटी कोणीतरी ती पोत्यात घालून बाजाराच्या दिशेने सोडून येतं. मांजर मारल्याचं पाप काशीला जाऊनही फिटत नाही असं आपण मानतो. सोडून दिल्याचं मात्र पाप धरत नाही. ती पिल्लं जगतात किती, हे कोणी बघायला जात नाही.

म्हणून नसबंदी. ती कशी करतात यावर मी फार बोलणार नाही. बोक्याची तर काही मिनिटांत होते, मादीला जरा जास्त वेळ लागतो. ते आम्हा पशुवैद्यांचं काम. त्यानंतरचे दहा-पंधरा दिवस तुमचे असतात, आणि बिघडतं ते बहुतेक त्याच दिवसांत.

आपल्याकडचे बरेच लोक मांजर घेऊन अकोल्याच्या पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्थेत जातात. वाट तासाभराची. मांजर नेतात कापडी थैलीत, मोटारसायकलच्या हँडलला अडकवून. जाताना ते चालून जाईल, येताना चालणार नाही. भुलेतल्या मांजराची मान दुमडली तर श्वास अडतो. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाशी जुनं लुगडं अंथरा, मांजर कुशीवर ठेवा, मान सरळ.

घरी आल्यावर जे दिसतं त्याने माणूस घाबरतो. डोळे उघडे असतात पण नजर लागत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरट पडदा अर्ध्यावर आलेला असतो. मान डोलते, मागचे पाय झोकांड्या खातात, एखादी उलटी होते. मग फोन येतो, ‘डॉक्टरसाहेब, मांजरीले लकवा मारला!’ लकवा नसतो, भूल उतरत असते. रात्रीपर्यंत, फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत ते सावरतं. तोवर खाटेवर, कपाटावर, माळ्यावर चढू देऊ नका. तोल गेला की टाके तुटतात. पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय पाणी नाही, अन्न नाही. मग चार घोट पाणी आणि नेहमीच्या निम्मं जेवण.

आता आपल्या मुलखाची एक खास गोष्ट. मे महिन्यात इथे पारा ४४ च्या पुढे जातो, म्हणून प्रेमाने मांजराला कूलरसमोर निजवलं जातं. भुलेत अंगाची ऊब राखण्याची शक्ती मंदावलेली असते. मांजराचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट. कूलरच्या ओल्या वाऱ्यात ते झपाट्याने उतरतं आणि भूल उतरायला आणखी वेळ लागतो. टिनाच्या तापलेल्या खोलीतही ठेवू नका. घरातला सावलीचा, वारा न लागणारा कोपरा पुरे.

बोक्याला बहुधा टाकेच नसतात, दोन बारीक छेद आपोआप मिटतात. मादीच्या पोटावर किंवा कुशीवर टाके असतात, ते दहा ते चौदा दिवसांनी काढतात. टाक्याखाली सुपारीएवढी घट्ट गाठ लागली तर तिला दाबत बसू नका, ती बहुतेक वेळा आपणच विरते. पू, दुर्गंधी, उघडी पडलेली जखम, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, किंवा दिवसभर अन्नाला तोंड न लावणं, यांपैकी काही दिसलं तर मात्र थांबू नका. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला कोन दया येऊन काढू नका. आपली काळी माती जखमेला चिकटते, म्हणून तेवढे दिवस शी-शूसाठी घमेल्यात मातीऐवजी फाडलेलं वर्तमानपत्र द्या. देशोन्नती, लोकमत, कोणतंही चालेल. आणि माश्या बसू देऊ नका. आपल्याकडे जखमेत अळ्या पडायला फार वेळ लागत नाही.

यापुढचं जरा लक्ष देऊन ऐका. मांजर कण्हतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. अर्धीही नाही. माणसाचं यकृत हे औषध ज्या वाटेने निकामी करतं, ती मांजरात फारशी चालतच नाही. रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं, आणि एका गोळीने मांजर मरू शकतं. डेटॉलही जखमेला लावायचं नाही; मांजर ते चाटतं आणि ते त्याला विषारी आहे. दुखणं थांबवायचं औषध असतं, पण ते मांजराचं, वजनावर मोजून दिलेलं.

गोदामवाल्यांचा प्रश्न ठरलेला: ‘आता हा बोका उंदीर धरन काय?’ धरेल. शिकारीची ओढ अंडकोशातून येत नाही. जातं ते दुसरंच: रात्रभर भटकणं, मारामाऱ्या, फाटलेले कान, दारावर, पोत्यांवर उडवलेली ती उग्र धार. दहातल्या नऊ बोक्यांत हे थांबतं किंवा बरंच कमी होतं, मुताचा वासही सौम्य होतो. दुसऱ्याच दिवशी नाही, थोडे आठवडे द्या. शिवाय बीज नळ्यांत काही काळ शिल्लक राहतं. महिना-दीड महिना त्याला नसबंदी न झालेल्या मादीपासून दूर ठेवा, नाहीतर ‘ऑपरेशन फेल गेलं’ म्हणून तुम्ही भांडायला याल. मादी मात्र नंतरही माजावर आल्यासारखी लोळू-ओरडू लागली तर तपासून घ्या, अंडाशयाचा तुकडा राहिलेला असू शकतो.

नसबंदीने मांजर सुस्तावतं अशीही तक्रार असते. सुस्ती येते ती खाण्यामुळे. नसबंदीनंतर शरीराची गरज सुमारे पावपट घटते आणि भूक उलट वाढते. आपण दूध-पोळीची वाटी तशीच भरत राहतो, मग दोष शस्त्रक्रियेला. दुसऱ्या आठवड्यापासून वाटी पाऊण करा. महिन्यातून एकदा मांजर उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकट्याने उभे राहा. उरलेला आकडा मांजराचा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. लठ्ठ, कोरडं खाणारा, पाणी कमी पिणारा बोका लघवी तुंबण्याच्या दुखण्याला सापडतो. तो मातीत वारंवार बसून कुंथतोय आणि थेंब येत नाही असं दिसलं, तर बद्धकोष्ठ म्हणून एरंडेल पाजू नका. त्याच रात्री डॉक्टर गाठा, दोन दिवस थांबलात तर बोका राहत नाही.

आणखी एक समजूत घरोघरी ऐकतो: मादीला एकदा तरी विऊ द्यावं, तिची हौस होऊ द्यावी. यात तिचा काही फायदा नाही. उलट, पहिल्या सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मादीत स्तनाच्या कर्करोगाचा धोका खूपच कमी होतो, आणि मांजरांतल्या अशा गाठी बहुतेक मारक असतात. गर्भाशयात पू होण्याचा प्रश्नही मिटतो.

ज्यांच्या घरी या उन्हाळ्यात पिल्लं झालीत, त्यांना विनंती. पिल्लं दीड-दोन महिन्यांची होऊन अंगावरचं दूध सुटलं की आईला आणा. चार-पाच महिन्यांची झाली की पिल्लांनाही आणा, बोके असोत की माद्या. नसबंदी होईपर्यंत आईला बाहेर सोडू नका. मांजर दूध पाजत असतानाही पुन्हा गाभण राहते.