गुत्ता कुणाचा?

(गोरेगावच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलं आहे.)



आज आपण जमिनीच्या कागदांसाठी जमलोत. मग मधीच दारूच्या गुत्त्याची गोष्ट कशाला, असं कुणी म्हणेल. त्यालाच विचारा, बाबा, तुझ्या आज्याचं शेत कशात गेलं?

आधी शब्दच बघा. आपल्या मराठवाड्यात सडकेचं काम घेतो तो गुत्तेदार. विहीर खोदायला देतो ती गुत्त्यानं. गुत्ता म्हणजे मक्ता. मग दारूच्या दुकानाला गुत्ता का म्हणतात? कारण निजामाच्या राज्यात दारू अन् शिंदी विकायचा हक्क लिलावात जायचा. त्याला १३१६ फसलीचा आबकारी कायदा होता, अन् सरकारच्या तिजोरीत आबकारीचा मोठा वाटा होता. ज्याची बोली मोठी त्याचा गुत्ता. मोह आपल्या रानातला, शिंदी आपल्या नाल्याकाठची, पण हक्क बोली बोलणाऱ्याचा. इंग्रजांच्या मुलखात तरी वेगळं काय होतं? १८७८ ला मुंबई इलाख्यात आबकारीचा कायदा आला. १८९२ ला ठाणे-कुलाब्याकडं मोहफुलं जवळ ठेवण्यावरच बंधन आलं. मोह वेचून, वाळवून, पावसाळ्यात शिजवून खाणारा माणूस कागदावर चोर ठरला.

आम्ही मोहाला वाईट म्हणत नाही. देवाला धार पडते, लग्नात लागते, मयतीला लागते. ते ठरल्या दिवशी होतं अन् गाडगं रिकामं झालं की संपतं. गुत्त्याचं तसं नाही. गुत्तेदारानं बोली भरलेली असते, ती त्याला वसूल करायची असते. म्हणून त्याला सण नको, रोजचं गिऱ्हाईक पाहिजे. हातात पैसा नसला तर उधारीची वही आहेच. घरच्या गाडग्याला वही नव्हती.

हे आपल्या म्हाताऱ्यांना कळलं नव्हतं असं समजू नका. १९४७ ला स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसनं निजामाविरुद्ध लढा पुकारला, तेव्हा मराठवाड्यात जंगल सत्याग्रह झाले अन् शिंदीची झाडं तोडली गेली. झाडाशी वैर नव्हतं. निजामाची आबकारी बुडवायची होती. १९४८ ला निजाम गेला. गुत्ता मात्र राहिला. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, पुढं १९४९ चा दारूबंदीचा कायदा इकडंही लागू झाला. त्यानं भट्टी नाल्यात गेली अन् हप्ता सुरू झाला. १९७३ ला देशी दारूचे नियम आले, दुकानावर पाटी लागली. आज पाटीवाला सरकारमान्य, अन् आपल्या बाईनं सणाला दोन शेर मोह गाळला तर गुन्हा!

आता जमिनीचं. खरेदीखतात दारू कुठंच लिहिलेली नसते. तिथं असतं 'घरखर्चासाठी', 'लग्नकार्यासाठी'. आम्ही गावोगाव कागद उलगडले तेव्हा हेच शब्द पुन्हापुन्हा दिसले. लग्न कुणाचं, हे घरातल्या म्हातारीला सांगता येईना. १९७४ च्या कायद्यानं १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जी जमीन बिगरआदिवासीकडं गेली, ती परत मागता येते. जमीन स्वतः कसू असं लिहून द्यावं लागतं, अन् ठरलेली रक्कम हप्त्यानं भरायची सोय आहे. त्यासाठी १९५४-५५ चा खासरा, फेरफार अन् आजचा सातबारा, तिन्ही काढा. खासऱ्यात आज्याचं नाव अन् सातबाऱ्यात दुसऱ्याचं असेल, तर मधला फेरफार कोणत्या साली झाला ते बघा.

१९७२ च्या दुष्काळात शहाद्याकडं श्रमिक संघटनेतल्या भिल्ल बाया जमिनीसाठी, मजुरीसाठी उठल्या, अन् पाठोपाठ त्यांनी दारूची मडकी फोडली. त्यांना कुणी बाहेरून सांगितलं नव्हतं. मजुरी वाढली तरी ती घरापर्यंत पोचेना, हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडं दुकान बंद करायचा ठराव आला तर बायांनी मांडावा, आम्ही मागं उभे राहू. आमच्यातले काही जण घेऊन बैठकीला येतात, तेही इथंच बोललेलं बरं. त्यांना हाकलायचं नाही, पण अर्जावर सही सकाळच्याला घ्यायची.

पुढच्या बैठकीला कागद आणा. अन् कुणाच्या घरात गुत्त्याच्या उधारीच्या जुन्या चिठ्ठ्या असतील तर लाजून जाळू नका, त्याही घेऊन या. फेरफाराच्या तारखेशी त्यांच्या तारखा लावून बघायच्या आहेत.