पापण्या मिटल्या म्हणजे माणूस गेला नव्हे
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सोसायटीतली बरीच घरं मूळची जुन्नर-आंबेगावची. सुट्टीत आपण गावी जातो, पोरं ओट्यावर गोधडी टाकून झोपतात. म्हणून आजचा विषय मण्यार, आणि तिचं विष शरीरात नेमकं कुठे घाव घालतं तो.

हात हलवायचा तर मेंदूचा निरोप मज्जातंतूतून स्नायूपर्यंत यावा लागतो. पण दोघांच्या मधे एक बारीक फट असते, मिलिमीटरच्या साधारण वीस हजाराव्या भागाएवढी. तंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि पलीकडे स्नायूवरच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. रसायन ही किल्ली, रिसेप्टर हे कुलूप.

हे कुलूप स्नायूची पेशी स्वतः घडवते. प्रथिनाचे पाच तुकडे आत जोडले जातात. जोडणी नीट झाली तरच ते पृष्ठभागावर येतं. ते कुठे बसवायचं हे मज्जातंतू सांगतो. तो अ‍ॅग्रिन नावाचं प्रथिन सोडतो आणि त्याच्या टोकासमोरच रिसेप्टर दाटीनं गोळा होतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या चौकोनात सुमारे १०,०००! आपल्या पार्किंगपेक्षा शिस्त बरी. जुने काढून नवे बसवणं सतत चालू. साधारण दहा दिवसांत निम्मे बदलतात.

साप याच जागेवर हल्ला करतो. नागाचं विष कुलपात अडकून बसतं, किल्ली लागत नाही. मण्यारीचं विष त्याशिवाय मज्जातंतूचं टोकच निकामी करतं, किल्ल्या सुटतच नाहीत. १९६३ साली तैवानमध्ये चँग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून कुलपात अडकून बसणारा एक घटक वेगळा केला. पुढे त्याच्याच मदतीनं शास्त्रज्ञांनी हे रिसेप्टर शोधले, मोजले.

मण्यार बहुधा रात्री, झोपेत चावते. दुखत नाही, सूज नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. घरचे म्हणतात, संपलं. पण श्वास चालू ठेवला तर मेंदू शाबूत राहतो. डोळे मिटलेल्या त्या माणसाला आपलं बोलणं ऐकूही येत असेल! प्रतिसर्पविष रक्तातलं विष मारतं, बिघडलेली टोकं दुरुस्त करत नाही. ती शरीर पुन्हा घडवतं, त्याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस व्हेंटिलेटरनं काढून द्यायचे. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत अनेक वर्षं सर्पदंशाच्या उपचारांचं काम करत आहेत. गावाकडे जाणकार डॉक्टर आहेत, वेळेत पोहोचायला हवं.

तेव्हा गावी गेलात की खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरी आणि बूट घ्या. दंशाची शंका आली तरी १०८ला फोन करा. आवळून बांधू नका, चिरू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. वाटेत श्वास थांबला तर तोंडानं श्वास द्या, आणि दवाखाना येईपर्यंत सोडू नका.

सोसायटीला पुढच्या पंचवीस वर्षांसाठी शुभेच्छा.