शर्यत किती मनावर घ्यावी?

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या मंडळातर्फे सकाळी तलावावर पोहायला जाणाऱ्या बायकांत यंदा दोन तट पडले आहेत, हे इथे कुणापासून लपलेले नाही. एका तटाला जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायचे आहे. दुसरा म्हणतो, "या वयात कसल्या शर्यती लावता? पाण्यात डुंबावे, अंग मोकळे करावे आणि घरी येऊन डबे भरावेत." दोन्हीकडच्या मैत्रिणी माझ्या रोजच्याच. तेव्हा कुणाला राग आला तर येवो, मी आपले म्हणणे मांडते.

"या वयात" हे बोलणे मला मुळीच पटत नाही. मोठ्या माणसांच्या या स्पर्धांना जगभर 'मास्टर्स' म्हणतात व वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून त्यांत प्रवेश मिळतो. पुढे पाच पाच वर्षांचे गट, 40 ते 44, 45 ते 49, असे थेट शंभरीच्याही पलीकडे. 1986 साली टोकियो शहरी या मंडळींची पहिली जागतिक स्पर्धा झाली. गंमत पाहा, एरवी बाई आपले वय दोन वर्षे चोरून सांगते, पण इथे ती पंचेचाळिसावे कधी लागते याची वाट पाहते, कारण नव्या गटात तीच सर्वांत लहान! नियमही वय ओळखून केलेले आहेत. ठोकळ्यावरून सूर मारायचे भय वाटते तिने काठावरून, नाहीतर पाण्यात उतरून भिंतीला पाय रेटून सुरुवात केली तरी चालते.

जपानच्या मिएको नागाओका या आजी गुडघे दुखतात म्हणून ऐंशी उलटल्यावर पोहू लागल्या. 2015 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्या 1500 मीटर पोहल्या. पंचवीस मीटरांच्या तलावात साठ वेळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचे! सव्वा तासाच्या थोडे वर लागले. त्यांच्या वयाचे शर्यतीत दुसरे कुणीच नव्हते. मग आजी जिंकल्या कुणाशी? तरीही घड्याळ लावले होते आणि वेळ नोंदली गेली, हे मला फार आवडते.

आता शर्यतवाल्या मैत्रिणींसाठी दोन शब्द. तुम्ही ऊठसूट आरती साहांचे नाव घेता. त्या बाई थोरच. 1959 च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडीचा पहिला प्रयत्न फसला, तरी सप्टेंबरात पुन्हा उतरून पार गेल्या. पण तेव्हा त्या अवघ्या एकोणीस वर्षांच्या होत्या आणि लहानपणापासून पाण्यातच वाढलेल्या. आपल्यातल्या एकीने पंधरा दिवसांत अंतर दुप्पट केले, आणि महिनाभर तिचा हात वेणी घालायलाही वर जात नव्हता. भराभर श्वास घेऊन पाण्याखाली कोण जास्त टिकते, अशा पैजाही मी पाहिल्या आहेत. त्या बंदच करा. श्वासाची आठवण व्हायच्या आधीच शुद्ध हरपते आणि वरच्यांना कळतही नाही.

याहून मला जास्त लागलेली गोष्ट निराळी आहे. शर्यतवाल्यांनी दोन्ही पट्टे अडवले तेव्हा नव्याने शिकणाऱ्या तिघी यायच्या बंद झाल्या. एकीला साखरेचा त्रास आहे, तिला डॉक्टरांनीच पोहायला सांगितले होते. पाठीमागून कुणी "बाजूला व्हा हो" म्हणून ओरडले की ती बिचारी पुन्हा कशाला येईल? आपण बक्षिसाचा पेला आणू, पण त्या तिघींना कोण आणणार?

तरी स्पर्धा नको असे मी म्हणणार नाही. नुसते "डुंबायला जाते" म्हटले की घरात सगळी कामे त्याच्या आधी येतात. पाहुणे आले, खाडा. पापड घालायचे, खाडा. पण कॅलेंडरवर स्पर्धेची तारीख लिहिली की मुलेच म्हणतात, "आईचा सराव आहे, चहा आम्ही करतो." पुरुष मंडळी रविवारची क्रिकेटची मॅच किती गंभीरपणे घेतात! मग आपणच "सहज गंमत म्हणून" असे का म्हणत राहावे? सराव मनापासून करावा. वहीत आपली वेळ लिहावी व मागच्या महिन्याच्या आपल्याच वेळेशी ताडावी. शेजारणीची वेळ तिच्या वहीत राहू द्यावी.

माझी सूचना अशी. सरावासाठी एकच पट्टा आणि आठवड्यातले तीनच दिवस ठेवावेत. दुसरा पट्टा नेहमी शिकणाऱ्यांचा. आणि आपण रिलेमध्ये उतरावे. मास्टर्सच्या रिलेत चौघींच्या वयांची बेरीज करून गट ठरतो. 41, 47, 52 आणि 63 मिळून 203 होतात, म्हणजे दोनशेच्या वरचा गट. म्हणजे आपल्या त्रेसष्टीच्या काकूंना घरी बसवून भागायचे नाही, त्यांना आर्जवे करून आणावे लागेल! जिल्ह्याच्या नियमांत काही फरक असल्यास आधी विचारून घेऊ.

नावे येत्या शनिवारपर्यंत चिटणीसबाईंकडे द्यावीत. रक्तदाब, साखर किंवा छातीचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी. चिठ्ठीवाचून नाव घेतले जाणार नाही, मग ती माझी सख्खी जाऊ का असेना. आणि त्या तिघींकडे उद्या सकाळी मी जाणार आहे, सोबत कुणी येत असेल तर साडेसहाला तलावाच्या फाटकाशी भेटावे.