रस्त्याकडेचे दगडी क्रूस

मागच्या वेळी आपण वेशीवरच्या वीरगळांबद्दल बोललो होतो. आज आम्ही तुम्हाला जरा लांब नेणार आहोत. फ्रान्स देशाच्या पश्चिमेला, समुद्रात घुसलेला ब्रिटनी नावाचा मुलूख आहे. तिथल्या जुन्या लोकांची भाषाही फ्रेंचहून वेगळी, ब्रेटन.

या मुलखात वाटेवर, तिठ्यावर, शिवेवर ग्रॅनाइटचे क्रूस उभे दिसतात. वाटसरू तिथं थांबून हात जोडायचा आणि पुढं जायचा. दगडावर दगडफूल चढलेलं असतं, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच जातकुळीतलं. ग्रॅनाइट कठीण आणि रवाळ, त्यामुळं मूर्तींची नाकं-डोळे ठोकळच निघतात. बारीक काम हवं असेल तर ब्रेस्ट शहराजवळचा केर्सांतोन नावाचा काळसर दगड घेत.

काही गावांत एकट्या क्रुसाऐवजी येशूची सगळी कथाच दगडात उभी केली आहे. प्लुगास्तेल गावी १५९८ मध्ये प्लेग आला. तो सरल्यावर १६०२ ते १६०४ या काळात लोकांनी असं मोठं स्मारक उभारलं. त्यावर दीडशेहून जास्त आकृत्या आहेत. क्रुसाच्या खांबावर मुद्दाम गाठी कोरल्या आहेत. त्या प्लेगच्या गाठी, असं सांगतात. आपल्याकडेही १८९६ च्या प्लेगात मुंबईत, वांद्र्याच्या बाजूला, लोकांनी असेच क्रूस उभारले होते. (हे प्लुगास्तेल आज स्ट्रॉबेरीसाठीही नावाजलेलं आहे, बरं का!) १९४४ च्या लढाईत स्मारकाची मोडतोड झाली. युद्धानंतर जॉन स्किल्टन या अमेरिकन अधिकाऱ्यानं त्याच्या दुरुस्तीसाठी आपल्या देशात वर्गणी गोळा केली.

गिमिल्यो गावच्या स्मारकावर मात्र एक गोष्ट आम्हाला खटकली. तिथं कातेल नावाच्या मुलीला सैतान नरकाच्या जबड्यात ओढताना दाखवलंय. दंतकथेत तिला नाचाची भारी हौस. बाई हसली-नाचली की तिला धाक घालायचा, ही रीत तिकडेही होती म्हणायची. वाचता न येणाऱ्या बायाबापड्यांना धर्म शिकवायचा तो याच चित्रांवरून, म्हणजे कातेलची गोष्ट किती पोरींना ऐकावी लागली असेल!

हे क्रूस पडले कसे, तेही ऐका. फ्रेंच राज्यक्रांतीत पुष्कळ फोडले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे जमिनीचं एकत्रीकरण झालं, आपल्याकडच्या तुकडेजोडीसारखंच. बांध सपाट झाले, रस्ते रुंद झाले, ट्रॅक्टर फिरायला जागा झाली. शेतकऱ्याची सोय झाली हे खरं, पण वाटेतले क्रूस उपटले गेले. कुणी चर्चच्या आवारात नेऊन ठेवले, काही गेले ते गेलेच. मग इव-पास्कल कास्तेल नावाच्या पाद्र्यानं एकट्या फिनिस्तेर जिल्ह्यातल्या क्रुसांची गावोगाव नोंद केली. १९८० साली ती पुस्तकरूपानं आली. सुमारे तीन हजार क्रूस आहेत त्यात.

आपल्याही रस्त्याची मोजणी लागली आहे. खुणेचे दगड रोवून झालेत. तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या वाडीतले वीरगळ, सतीशिळा, म्हसोबा कुठं आहेत ते वहीत लिहून आणा. सासूबाईंना विचारा, त्यांना नावं पाठ असतात. यादी ग्रामसभेत ठेवू, मोजणीवाल्यांनाही दाखवू. बैठक नेहमीप्रमाणं दुपारी, समाजमंदिरात.